डायकास्ट गाडीतून सिनेमातली गाडी: मुंबईत हा छंद सुरू करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाजारात मिळणारी साधी डायकास्ट गाडी (साच्यात धातू ओतून केलेली छोटी प्रतिकृती) घेऊन तिची सिनेमातली हुबेहूब गाडी करायची, हा छंद मुंबईत चांगलाच रुजतोय. नवीन लोक बहुतेक वेळा रंगाबद्दल विचारतात. रंग महत्त्वाचा आहेच, पण हे काम आधी बघण्याचं आहे. सिनेमा नीट बघितला असेल तर साधा रंगही खपून जातो. बघितला नसेल तर महागडी एअरब्रशही कामाला येत नाही. खालची उत्तरं याच अंगाने वाचावीत.

आधी गाडी घ्यायची की आधी सिनेमा ठरवायचा?

आधी सिनेमा ठरवा, आणि त्यातलाही एकच प्रसंग. पडद्यावर आपल्याला एकच गाडी दिसते, पण चित्रीकरणात सहसा दोन-चार सारख्या गाड्या असतात. ‘बुलिट’ (१९६८) मध्ये नायक स्टीव्ह मॅक्वीन चालवतो ती हिरवी फोर्ड मस्टँग घ्या. तशा दोन गाड्या होत्या. एक खासगी मालकीत टिकली आणि २०२० मध्ये लिलावात सुमारे ३७ लाख डॉलरला गेली. दुसरीने उड्या मारण्याचं काम केलं, आणि ती २०१७ मध्ये मेक्सिकोत सापडली. त्याच पाठलागात समोरच्या काळ्या डॉज चार्जर गाडीच्या चार चाकांवरून चारपेक्षा जास्त हबकॅप (चाकांवरची झाकणं) उडतात. म्हणजे सिनेमा स्वतःशीसुद्धा जुळत नाही. मग तुम्ही नेमकी कोणती गाडी करणार आहात? सुरुवातीची चकचकीत, की शेवटची पोचे पडलेली?

प्रसंग ठरला की तो थांबवून थांबवून बघा. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि चाकाजवळून फ्रेम साठवा. मग एका वहीत लिहून काढा: काय आहे, आणि काय नाही. ‘काय नाही’ हा रकाना फार मोलाचा. बुलिटच्या मस्टँगच्या जाळीतला पळता घोडा काढलेला आहे आणि जाळीतले जादा दिवेही नाहीत. ती गाडी ओळखू येते ती काढून टाकलेल्या गोष्टींमुळे. नवीन माणूस नेमका तो घोडा चांदीच्या रंगाने उठावदार करतो, आणि गाडी चांगली दिसूनही ‘ती’ वाटत नाही.

मूळ गाडी कशी निवडायची?

मॉडेलचं साल जुळलं पाहिजे. याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, म्हणून उदाहरण देऊन सांगतो.

‘द लव्ह बग’ (१९६८) मधली हर्बी ही ५३ नंबरची पांढरी फोक्सवॅगन बीटल. पहिलं काम म्हणून ती उत्तम आहे. पण सिनेमातली बीटल १९६३ सालची आहे. तिचे पुढचे दिवे मागे झुकलेले, मडगार्डच्या उतारात बसलेले. बंपर वळणदार, त्यावर वर आडवी नळी. छताला कापडी, मागे सरकणारं झाकण. साधारण १९६८ पासूनच्या बीटलला दिवे उभे आणि बंपर सरळ जाड पट्टीचे आले. आपल्याकडे मोठ्या आकारात बऱ्याचदा ७३ सालची बीटल हाताला लागते. तिच्यावर ५३ लिहिलं तर दुरून हर्बी दिसेल, जवळून नाही. त्यापेक्षा साठच्या दशकातलं मॉडेल लहान आकारात मिळालं तरी ते घ्या.

खोक्यावर साल लिहिलेलं नसलं तर गाडी उलटी करा. तळाच्या पत्र्यावर गाडीचं नाव आणि प्रमाण बहुधा कोरलेलं असतं.

१:६४, १:४३, १:२४, १:१८ यातलं काय घ्यावं?

१:६४ म्हणजे खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या भागाएवढी. शिकायला १:६४ घ्या. दोनशे रुपयांच्या आसपास गाडी मिळते आणि बिघडली तरी जीव जळत नाही. मनापासून करायचं काम १:२४ मध्ये करा. नंबरप्लेट, वायपर, आतली सीट सगळं हाताने करता येईल एवढी जागा त्यात मिळते. १:१८ सुंदर दिसतं, पण मुंबईच्या घरात त्याला कपाटातली जागा मिळवणं हाच एक प्रकल्प होतो.

एक गोष्ट मात्र तपासा. लहान गाड्यांचं प्रमाण नेहमी खरं नसतं, कारण ठरलेल्या पाकिटात बसावी म्हणून गाडी लहान-मोठी केलेली असते. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर मोजा. खऱ्या बीटलमध्ये ते २४०० मिलिमीटर आहे. म्हणजे १:२४ मध्ये बरोबर १०० आणि १:६४ मध्ये ३७.५ मिलिमीटर यायला हवं. तुमचं माप जे येईल त्याने २४०० ला भागा, खरं प्रमाण मिळेल. पुढे चाकं, प्लेट, स्टिकर जे काही कराल ते या खऱ्या प्रमाणात करा.

मुंबईत सामान कुठे मिळतं?

बारीक ड्रिल बिट, कानस, टॅप (भोकात स्क्रूचे आटे पाडायचं हत्यार), छोटे स्क्रू यांसाठी नागदेवी स्ट्रीट. एलईडी, बारीक वायर, रेझिस्टर यांसाठी लॅमिंग्टन रोड. गाड्यांच्या रंगाचं दुकान तर प्रत्येक उपनगरात असतं. कुर्ला-कलिन्याच्या सीएसटी रोडला गाड्यांच्या सामानाची दुकानं ओळीने आहेत. गाडीच्या रंगाचा कोड सांगितला की मशीनवर मिसळून देणारे लोकही शहरात आहेत.

जुन्या गाड्यांसाठी चोर बाजारातला मटण स्ट्रीट. तिथे चाकं गेलेल्या, काच फुटलेल्या गाड्या मिळतात, आणि आपल्याला तशाच हव्या असतात. मात्र एक विनंती आहे. भारतात बनलेल्या जुन्या लिओ किंवा मॅक्सवेलच्या गाड्या हाती लागल्या तर त्यांचा रंग काढू नका. त्या परत बनणार नाहीत. संग्राहकाला द्या, किंवा जशा आहेत तशा ठेवा.

खूप जुन्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागेच्या गाडीवर जाळीसारख्या भेगा दिसल्या, अंग फुगल्यासारखं वाटलं, तर ती घेऊ नका. जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळलं गेलं की धातू आतून पोखरतो. ते थांबवता येत नाही.

स्प्रे कॅन दादरहून घेतले तर लोकलने घरी आणता येतील का?

नाही. रेल्वेत ज्वालाग्राही वस्तू नेणं हा गुन्हा आहे, आणि रंगाचा कॅन, थिनर दोन्ही त्यात येतात. घराजवळच्या रंगवाल्याकडूनच घ्या.

गाडी उघडायची कशी? खाली स्क्रूच दिसत नाही.

मोठ्या गाड्यांना स्क्रू असतात. लहान गाड्यांना रिव्हेट असतं: बॉडीतून खाली आलेला खांब, ज्याचं टोक चेपून टोपीसारखं पसरवलेलं असतं. आपल्याला फक्त ती टोपी काढायची आहे.

टोपीच्या बरोबर मध्यावर पंचने खूण करा. ही खूण चुकली तर बिट घसरतं. आधी बारीक बिटने थोडं खोल जा, मग टोपीएवढं जाड बिट लावून सावकाश फिरवा. चंदेरी भुगा निघत राहतो आणि एका क्षणी टोपीची कडा अंगठीसारखी सुटून बिटभोवती फिरायला लागते. तिथे थांबा. आणखी दाबलंत तर खांब आखूड होतो आणि नंतर स्क्रू पकडत नाही. डोळ्याला चष्मा हवाच, भुगा उडतो.

परत जोडण्यासाठी खांबात १.६ मिलिमीटरचं भोक पाडून एम२ (२ मिलिमीटर व्यासाच्या) टॅपने आटे पाडा आणि एम२ चा छोटा स्क्रू लावा. फेविक्विकने चिकटवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण गाडी पुन्हा पुन्हा उघडावी लागतेच. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा चालवा.

मूळ रंग कसा काढायचा?

हार्डवेअरच्या दुकानातला जेलीसारखा पेंट रिमूव्हर वापरा. खिडक्या, सीट, तळ, चाकं असे प्लास्टिकचे सगळे भाग आधी काढून ठेवा, नाहीतर ते वितळतील. बॉडी काचेच्या बरणीत ठेवून ब्रशने रिमूव्हर लावा. काही मिनिटांत रंग सुरकुततो आणि पत्र्यापासून सुटून वर येतो. जुन्या टूथब्रशने घासा, भांड्याच्या साबणाने धुवा, लगेच कोरडं करा. कोपऱ्यात रंग राहिला तर दुसरा हात द्या. टोकदार हत्याराने खरवडू नका, ओरखडे रंगाखालून दिसतात.

सुरक्षेबाबत स्पष्ट सांगतो. जाड रबरी हातमोजे घाला. खिडक्या उघड्या ठेवा. बंद बाथरूममध्ये हे काम कधीच करू नका, ती वाफ घातक असते. जवळ गॅस, समई, उदबत्ती काही पेटतं नको. उरलेला गाळ मोरीत ओतू नका, जुन्या वर्तमानपत्रावर वाळवून बांधून टाका.

कॉस्टिक सोडा वापरावा का, असंही लोक विचारतात. मुळीच नको. डायकास्टचा धातू मुख्यतः जस्त आणि थोडं ॲल्युमिनियम. कॉस्टिक दोन्ही खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो. रंगाबरोबर गाडीही जाते.

प्लास्टिकच्या भागांवरचा क्रोम काढायचा असेल तर कपड्यांच्या ब्लीचमध्ये बुडवून ठेवा, तो मुलामा विरघळतो. ते ब्लीच टॉयलेट क्लीनरच्या आसपासही नेऊ नका. दोन्ही मिसळले तर क्लोरीन वायू तयार होतो.

पावसाळ्यात रंग मारला की वरचा थर दुधाळ होतो. काय करावं?

मुंबईत हा प्रश्न दरवर्षी जूनपासून सुरू होतो. रंगातलं थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो. हवेत दमटपणा भरपूर असला की त्या थंड पृष्ठभागावर पाण्याचे सूक्ष्म थेंब जमतात आणि रंगाच्या थरात अडकतात. तेच दुधाळ दिसतं. सगळ्यात वरच्या चकचकीत, पारदर्शक थरात (क्लिअर कोट) हे जास्त होतं, गडद रंगावर जास्त उठून दिसतं.

माझं मत ठाम आहे: जुलै-ऑगस्टमध्ये रंग मारूच नये. त्या दिवसांत गाडी उघडणं, घासणं, लांबी (पुट्टी) भरणं, स्टिकरची चित्रं तयार करणं ही कामं उरकावीत आणि गणपती झाले, ऑक्टोबरचं ऊन पडलं की रंगाला हात घालावा. ऑक्टोबर हीट सगळ्यांना नकोशी वाटते, पण आमच्यासाठी ते सगळ्यात चांगले दिवस. थंडीत हवा कोरडी असते, मात्र शहरात धूळ फार, म्हणून ओला भाग लगेच डब्याखाली झाका.

अगदीच थांबता येत नसेल तर पाऊस उघडलेली दुपार निवडा. कॅन कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा, गॅसवर कधीही नाही. थर अगदी पातळ द्या, मधे भरपूर वेळ सोडा आणि बॉडी सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या हवाबंद डब्यात वाळवा. एसीच्या खोलीत वाळवलेलं चालतं, पण तिथे फवारू नका. बंद खोलीत वास आणि वाफ दोन्ही साठतात.

दुधाळ झालेला थर कधी कधी वाचतो. कोरड्या दिवशी त्यावर क्लिअरचा किंवा थिनरचा अगदी हलका फवारा मारला की थर पुन्हा मऊ होतो आणि अडकलेलं पाणी निघून जातं.

आणखी एक. आपल्या खाऱ्या हवेत उघडा धातू लवकर काळवंडतो आणि बोटांच्या घामाने डागही पडतात. रंग काढला की त्याच दिवशी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, मारा.

सिनेमातला नेमका रंग कसा मिळवायचा?

पडद्यावरून रंग उचलू नका. फिल्म, प्रकाशयोजना, तुमचा मोबाईल, प्रत्येक ठिकाणी तो बदलतो. खऱ्या गाडीच्या कंपनीचं रंगाचं नाव शोधा. बुलिटची मस्टँग ‘हायलँड ग्रीन’, हर्बी फोक्सवॅगनच्या एल८७ ‘पर्ल व्हाइट’ रंगाची. ही पांढरी दुधाळ-पिवळसर छटा आहे. दुकानातला कडक पांढरा मारलात तर हर्बी फ्रीजसारखी दिसेल.

नाव मिळालं तरी डबीतला रंग थोडा फिका करून वापरा. लहान वस्तूवर गडद रंग आणखी गडद दिसतो. मेटॅलिक रंगातले चमकीचे कण खऱ्या गाडीच्या मापाचे असतात. १:६४ वर ते खड्यांसारखे दिसतात, म्हणून बारीक कणांचा रंग मागा.

‘बॅक टू द फ्युचर’ची (१९८५) डेलोरियन हा खास मामला आहे. खऱ्या गाडीला रंगच नव्हता, पत्रा स्टेनलेस स्टीलचा होता. रंग काढलेल्या बॉडीवर बारीक पॉलिश पेपर एकाच दिशेने ओढून मग मॅट क्लिअर मारला, तर चांदीच्या कुठल्याही रंगापेक्षा ते जास्त खरं दिसतं.

नंबर, पट्टे, लोगो हाताने रंगवायचे का?

डिकॅल वापरा, म्हणजे पाण्यात भिजवून गाडीवर सरकवायची छापील चित्रं. त्याचा कागद ऑनलाइन मिळतो आणि घरच्या प्रिंटरवर छापता येतो. इंकजेटवर छापलं तर आधी क्लिअर मारून वाळवावं लागतं, नाहीतर पाण्यात शाई वाहून जाते.

मुख्य अडचण पांढऱ्या रंगाची आहे. घरचा प्रिंटर पांढरा छापत नाही. पारदर्शक कागदावर छापलेला पिवळा काळ्या बॉडीवर दिसेनासा होतो. एक तर पांढऱ्या पाठीचा कागद घ्या, किंवा ती जागा आधी पांढरी रंगवा. हर्बीचा गोल पांढऱ्या पाठीच्या कागदावर उत्तम येतो.

लावताना घाई नको. तुकडा कोमट पाण्यात बुडवा, बाहेर काढून ठेवा, बोटाने हलकेच ढकलून बघा. चित्र कागदावरून आपोआप सरकायला लागलं की तयार. गाडीवर पाण्याचा थेंब ठेवून त्यावर सरकवा, जागा नक्की करा, मग कान कोरायच्या काडीने मधून कडेकडे पाणी काढा. दाराच्या फटीवरून चित्र जात असेल तर वाळल्यावर धारदार ब्लेडने फट कापा. नाहीतर दार आणि बॉडी एकाच कागदाने चिकटल्यासारखी दिसतात.

नंबरप्लेट किती बारकाईने करावी?

सगळ्यात जास्त. पाहणाऱ्याची नजर पहिली तिथे जाते. हर्बीची प्लेट कॅलिफोर्नियाची, ओएफपी ८५७. अमेरिकन प्लेट १२ बाय ६ इंचाची, म्हणजे १:२४ मध्ये साधारण १२.७ बाय ६.४ मिलिमीटर. संगणकावर मोठी काढा आणि छापताना त्या मापाला आणा.

आपल्या सिनेमांच्या बाबतीत काळ सांभाळा. एमएच ०१, एमएच ०२ ही पद्धत १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतरची. सत्तरच्या दशकातल्या प्रसंगातल्या गाडीवर एमएच ०१ लावलं तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते.

मला हिंदी सिनेमातली काळी-पिवळी करायची आहे. जमेल का?

जमेल, आणि मुंबईकराने ती करावीच. प्रीमियर पद्मिनी आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनली. इथे नोंदणी झालेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ सालची होती. वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली. आता नवीन मुलांना ही गाडी फक्त सिनेमात दिसणार. म्हणून ती बरोबर करण्याला महत्त्व आहे.

भारतीय खेळण्यांच्या दुकानात मिळणारी फियाट टॅक्सी प्लास्टिकची असते. सरावाला ती चांगली. तिच्यावर पेंट रिमूव्हर चालत नाही, फक्त घासून प्रायमर मारा. धातूची हवी तर पद्मिनीची आई म्हणावी अशी फियाट ११०० युरोपीय संग्रहमालिकांत १:४३ मध्ये मिळते. तिची जाळी आणि दिव्यांच्या चौकटी पद्मिनीच्या सिनेमातल्या फ्रेमशी ताडून बदलाव्या लागतील. एम-सील आणि कानस एवढ्यावर ते होतं.

रंगाचा क्रम: पांढरा प्रायमर, पिवळं छत, छतावर मास्किंग टेप, मग काळा. उलटं केलंत तर काळ्यावर पिवळा कितीही थर दिले तरी हिरवट दिसतो. पिवळा नेमका कुठे संपतो ते फ्रेममध्ये बघा, अंदाजाने टेप लावू नका.

मग तपशील. डाव्या हाताला बाहेर मीटर, जुन्या काळचा असेल तर झेंडीचा. छतावर कॅरियर. पिवळ्या प्लेटवर काळी अक्षरं, कारण ती भाड्याची गाडी. आत आरशाला लटकलेला हार, डॅशबोर्डवर देव. सीटचं कापड फुलाफुलांचं असेल तर ते कागदावर छापून चिकटवा. ‘टॅक्सी नं. ९२११’ (२००६) मध्ये नाना पाटेकरांची टॅक्सी हीच. ती करणार असाल तर प्लेट फ्रेम थांबवून अक्षरशः उतरवून घ्या.

आणि टॅक्सी नवी कोरी ठेवू नका. काळ्या रंगात किंचित तपकिरी मिसळून चाकांच्या वर आणि दारांच्या खाली हलका हात द्या. दाराच्या मुठीभोवतीचा रंग थोडा उडालेला दाखवा. दिवसभर माणसं चढतात-उतरतात, ते तिथे दिसतं.

‘टार्झन: द वंडर कार’मधली गाडी पहिल्यांदाच करू का?

नको. गाड्यांचे डिझायनर दिलीप छाब्रिया यांनी ती टोयोटा एमआर२ या गाडीवर बांधली, पण वरचं अंग पूर्ण वेगळं आहे. म्हणजे बाजारातली एमआर२ घेऊन तुम्हाला जवळपास सगळी बॉडी पुट्टीने घडवावी लागेल. दोन-तीन सोप्या गाड्या झाल्यावर घ्या.

काचेजवळ फेविक्विक लावलं आणि काच पांढुरकी झाली.

त्या गोंदाची वाफ काचेवर बसते. काचेसाठी साधा फेविकॉल वापरा, वाळल्यावर पारदर्शक होतो. पांढुरकी झालेली काच ब्रासोने हळूहळू घासून बरीच साफ होते.

पुढचे दिवे खरोखर लागतील असं करता येतं?

१:२४ आणि १:१८ मध्ये हो. ३ व्होल्टच्या आसपास चालणारी पांढरी एलईडी, ९ व्होल्टची बॅटरी, आणि ५ मिलिअँपियर करंट धरला तर प्रत्येक दिव्याला सुमारे १२०० ओहमचा रेझिस्टर. जुन्या गाडीला पिवळसर पांढरा प्रकाश घ्या, निळसर पांढरा साठच्या दशकाला शोभत नाही. दिव्यामागून प्रकाश बॉडीतून झिरपू नये म्हणून आतून काळा रंग द्या.

माझी मुलगी आठवीत आहे. तिला करू द्यावं का?

नक्की. फ्रेम निवडणं, मापं काढणं, डिकॅल, बारीक रंगकाम हे तिला पूर्ण करू द्या. ड्रिल, रिमूव्हर आणि स्प्रे तुमच्या हातात ठेवा. हार्डनर मिसळायचा टू-के क्लिअर मात्र घरात कोणीच वापरू नये. त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतं आणि कापडी मास्कने अडत नाही. कॅनमधला साधा क्लिअर पुरतो.

अशा गाड्या बनवून विकता येतील का?

स्वतःच्या कपाटासाठी किंवा मित्राला भेट म्हणून खुशाल करा. विकायला लागलात की सिनेमाचं नाव, चिन्ह, लोगो यांच्या हक्कांचा प्रश्न येतो. त्यासाठी आधी वकिलाचा सल्ला घ्या. कोणी स्वतःची गाडी आणून दिली आणि वडिलांची जुनी टॅक्सी तिच्यातून करून मागितली, तर तिथे सिनेमाचा संबंधच येत नाही. असं काम जरूर घ्या. मजुरी आधी ठरवा, आणि खऱ्या गाडीचे फोटो चारही बाजूंनी मागून घ्या.